लाल ठिपका आणि ‘खुकरी’

नौदलाच्या स्ट्रॅटेजी गेममध्ये मी सगळ्यात आधी गस्ती विमान उडवतो. ते घिरट्या घालू लागलं की पाणबुडीचा लाल ठिपका दिसतो. जुन्नरला, सह्याद्रीच्या अलीकडे बसून, हे फार सोपं वाटतं.

डिसेंबर १९७१मध्ये दीवजवळच्या समुद्रात असा ठिपका नव्हता. पाकिस्तानी पाणबुडी ‘हंगोर’च्या शोधात ‘खुकरी’ आणि ‘कृपाण’ निघाल्या होत्या. विमानवाहू ‘विक्रांत’ आपल्या पाणबुडीविरोधी अलिझे विमानांसह बंगालच्या उपसागरात होती. ९ डिसेंबरच्या रात्री टॉर्पेडो लागून ‘खुकरी’ बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्लांसह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले.

गेममध्ये विमान म्हणजे पाणबुडी फोडायचं हत्यार. खरं तर तिला नुसतं खाली दाबून ठेवलं तरी अर्धं काम होतं. डिझेल पाणबुडीला बॅटरी चार्ज करायला इंजिन लावावं लागतं आणि इंजिनाला हवा लागते. डोक्यावर विमान असलं की हवेची नळी पाण्याबाहेर काढायची सोय नाही. खालून वेगात पळावं, तर बॅटरी झरझर उतरते (आपल्या फोनसारखीच).

लांब पल्ल्याची सागरी टेहळणी तेव्हा हवाई दलाकडे होती. ती नौदलाकडे आली १९७६मध्ये. गोव्यात आयएल-३८ विमानं आली त्याच्या पुढच्या वर्षी.