नाडीपरीक्षेच्या पोथ्यांचा काल

रावण, कणाद यांच्या नांवांवर नाडीपरीक्षेच्या पोथ्या मिळतात. त्यामुळें त्या अतिप्राचीन मानण्याकडे संग्राहकांचा कल होतो. परंतु चरक व सुश्रुत या संहितांत नाडी पाहून दोषनिदान करण्याची पद्धति नाहीं. ती शार्ङ्गधरसंहितेच्या पूर्वखंडांत, म्हणजे इसवी सनाच्या १३-१४ व्या शतकांच्या सुमारास, स्पष्ट दिसते. कामक्रोधानें नाडी वेगवान, तर चिंताभयानें क्षीण होते, असें तींत म्हटलें आहे. हृदयाची गति इच्छेच्या अधीन नसलेल्या स्वायत्त मज्जासंस्थेकडून नियंत्रित होते व मनोविकारांनीं बदलते, हें आजचें शरीरशास्त्रही सांगतें. निरीक्षण मार्मिक खरें. पण मार्मिकता हा प्राचीनत्वाचा पुरावा नव्हे. पोथीचा काल पुष्पिका, लिपि व कागद यांवरून, आणि ग्रंथाचा काल त्यांतील अवतरणांवरून ठरवावा, असें आम्हांस वाटतें.