जमीन बुडत नाही, पण जमिनीत पैसे घालणारा बुडतो : मुंबईच्या समुद्रातल्या प्लॉटची गोष्ट

"जमिनीत घातलेला पैसा कधी बुडत नाही." हे वाक्य आपल्याकडे लग्नाच्या पंगतीपासून बँकेच्या रांगेपर्यंत सगळीकडे ऐकू येतं. सध्या तर प्रत्येक नाक्यावर टॉवरची जाहिरात आणि प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर "प्री-लाँच ऑफर" आहे. म्हणून म्हटलं, आज मुंबईचाच एक जुना हिशोब मांडावा. जरा लांबलचक आहे, पण दुसरा फ्लॅट "गुंतवणूक म्हणून" घ्यायचा विचार करत असाल तर शेवटपर्यंत वाचा.

गोष्ट सुरू होते अमेरिकेत. १८६१ च्या एप्रिलमध्ये तिथे यादवी युद्ध पेटलं. दक्षिणेतल्या राज्यांची बंदरं उत्तरेच्या आरमाराने अडवली आणि इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेना. मग सगळी मागणी वळली आपल्याकडे. खानदेश, वऱ्हाड, गुजरातचा कापूस मुंबईतून जाऊ लागला आणि भाव काही पटींनी चढले. चार-पाच वर्षांत नेहमीच्या कमाईपेक्षा सुमारे आठ कोटी पौंड जास्तीचे मुंबईत आले, असा त्या काळचा हिशोब सांगतो.

आता एवढा पैसा ठेवायचा कुठे? कारखाने मोजके, बाकी उद्योग तुटपुंजे. शहर मात्र भरून वाहत होतं. १८६४ च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या ८,१६,५६२ भरली. कोटाच्या भिंती पाडायला घेतल्या होत्या, गव्हर्नर बार्टल फ्रियर यांना नवं शहर उभारायचं होतं, आणि जागा तर नाही. मग एकच उत्तर उरलं : समुद्र हटवा, भराव टाका, जमीन तयार करा.

कल्पना चुकीची नव्हती, हे आधी लक्षात घ्या. मुंबईला जमीन खरोखरच हवी होती. घोळ झाला तो पैसा उभा करण्याच्या पद्धतीत.

भराव घालण्यासाठी कंपन्या निघाल्या. त्यात सगळ्यात गाजली ती बॅक बे रिक्लमेशन कंपनी. मलबार हिलपासून कुलाब्यापर्यंतच्या उपसागरात भर घालायची आणि तयार झालेली जमीन विकून नफा कमवायचा, असा बेत. शेअर होता पाच हजार रुपयांचा. त्या काळचे पाच हजार, बरं का! आणि या शेअरवर पंचवीस हजारांहून जास्त प्रीमियम मिळू लागला. समुद्र होता तिथेच होता, पाण्यावर एक चौरस फूट जमीन दिसत नव्हती, पण तिच्या कागदाचा भाव सहापट झाला होता.

हे कागद घ्यायला लोकांकडे पैसा आला कुठून? इथे प्रेमचंद रायचंद आणि बँक ऑफ बॉम्बे यांचा प्रवेश होतो. प्रेमचंद म्हणजे त्या काळचा सट्टाबाजाराचा राजा. बँक ऑफ बॉम्बे १८४० ची, सरकारचा हिस्सा असलेली, म्हणून लोकांचा भरवसा मोठा. १८६३ च्या कायद्याने या बँकेवरची जुनी बंधनं सैल झाली आणि शेअर तारण ठेवून कर्ज देणं सोपं झालं. मग चक्र फिरू लागलं. शेअर घ्यायचा, बँकेत तारण ठेवायचा, मिळालेल्या कर्जातून आणखी शेअर घ्यायचा. खरेदी वाढली की भाव वाढे, भाव वाढला की तारणाची किंमत वाढे, आणि तारणाची किंमत वाढली की आणखी कर्ज. जोडीला वायदे होतेच : आज सौदा करायचा, पैसे १ जुलै १८६५ ला द्यायचे.

म्हणजे तीन मजले झाले. तळाला अजून न झालेली जमीन, तिच्यावर शेअर, आणि शेअरवर कर्ज. तिन्ही उभे होते लँकेशायरला मिळणाऱ्या कापसाच्या भावावर, ज्याचा बॅक बेच्या चिखलाशी काडीचा संबंध नव्हता.

९ एप्रिल १८६५ ला जनरल ली शरण आले. युद्ध संपलं. कापूस कोसळला, मागोमाग शेअर कोसळले. १ जुलै उजाडला तेव्हा पैसे द्यायला कुणाकडे काही नव्हतं. प्रत्येकाचं येणं दुसऱ्याकडे अडकलेलं, आणि त्याचं तिसऱ्याकडे. नादारीच्या प्रकरणांसाठी सरकारला त्याच वर्षी वेगळा कायदा करावा लागला. बँक ऑफ बॉम्बेचा शेअर चढत्या काळात २,८५० रुपयांपर्यंत गेला होता, तो ८७ वर आला. १८६८ मध्ये बँकच गुंडाळावी लागली आणि सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला. ज्यांनी आयुष्यात सट्टा केला नाही, फक्त "सरकारी बँक आहे" म्हणून तिचे शेअर घेतले, तेही बुडाले. १८७२ च्या शिरगणतीत शहराची लोकसंख्या ६,४४,४०५ उरली होती. ज्या गर्दीच्या भरवशावर जमिनीचे भाव लावले होते, ती गर्दीच पांगली.

गंमत बघा, प्रेमचंदनी १८६४ मध्ये तेजीच्या भरात मुंबई विद्यापीठाला जो पैसा देऊन टाकला, त्यातून ग्रंथालय आणि त्यांच्या आईच्या नावाचा राजाबाई टॉवर उभा राहिला. तो आजही वेळ दाखवतोय.

आता खरा मुद्दा. ती जमीन बुडाली का? अजिबात नाही! जो काही थोडा पट्टा झाला, त्या बाजूने आज पश्चिम रेल्वे आणि महर्षी कर्वे रोड जातो. पुढे १९२० च्या दशकात सरकारने गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात हीच योजना पुन्हा हातात घेतली, यावेळी सरकारी कर्ज काढून. खर्च अंदाजाबाहेर गेला, गाळ टिकेना, जमिनीचा बाजार पडला. लोक त्या योजनेला "लॉइडची चूक" म्हणू लागले. खुर्शेद नरिमन यांनी कारभारावर जाहीर आरोप केले, हार्वे नावाच्या इंजिनिअरने त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि १९२८ मध्ये नरिमन निर्दोष सुटले. ठरलेल्या आठ ब्लॉकपैकी चारच पुरे झाले. त्यातल्या दोन ब्लॉकवर तीसच्या दशकापासून मरीन ड्राइव्ह आणि ओव्हलसमोरच्या इमारती उभ्या राहिल्या. उरलेल्या भरावातला नरिमन पॉइंट तर स्वातंत्र्यानंतरचा, आणि त्याला नाव मिळालं त्या योजनेला झोडपणाऱ्या माणसाचं.

१८६४ च्या त्या शेअरवाल्याचा अंदाज बरोबरच होता की हो! बॅक बेची जमीन सोन्याची झाली. फक्त सत्तर ते शंभर वर्षं उशिरा, आणि त्याच्यासाठी नाही. त्याचं कर्ज फेडायची तारीख होती १ जुलै १८६५.

आता आजचा हिशोब करू. समजा एक कोटीचा फ्लॅट. ७५ लाख कर्ज, साडेआठ टक्के, वीस वर्षं. हप्ता बसतो ६५ हजारांच्या आसपास, आणि पहिल्या वर्षी त्यातले साधारण ६.३ लाख नुसतं व्याज. खिशातून गेले २५ लाख, वर मुंबईत स्टॅम्प ड्युटी आणि रजिस्ट्रेशनचे सहा लाखांहून जास्त. भाडं धरू महिना २५ हजार. एक महिना घर रिकामं, मेंटेनन्स महिना चार हजार, म्हणजे हातात वर्षाला सव्वादोन लाख. व्याजात चार लाखांची खोट. शिवाय तुमचे ३१ लाख सात टक्क्यांच्या एफडीत असते तर वर्षाला दोन लाखांवर मिळाले असते. म्हणजे फ्लॅटचा भाव वर्षाला सहा टक्क्यांच्या वर चढला तरच तुम्ही एफडीवाल्याच्या पुढे, ते सुद्धा स्टॅम्प ड्युटी न धरता. आणि भाव २५ टक्के पडला तर तुमचे २५ लाख साफ, कर्ज मात्र जसंच्या तसं.

बांधकाम चालू असलेल्या इमारतीत तर भाडंही नाही. ताबा लांबला की एकीकडे हप्ता, दुसरीकडे राहत्या घराचं भाडं. १८६४ पेक्षा आज आपण नशीबवान आहोत, कारण कायदा आहे. मे २०१७ पासून महारेरा आहे. ग्राहकांच्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवून त्याच प्रकल्पाच्या जमिनीवर आणि बांधकामावर खर्च करावे लागतात. नोंदणीकृत करारनाम्याशिवाय बिल्डरला दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. "ताबा मिळेपर्यंत हप्ता आम्ही भरू" या स्कीमवर २०१९ मध्ये नॅशनल हाउसिंग बँकेने गृहकर्ज कंपन्यांना लगाम घातला. पण कायदा फसवणुकीपासून वाचवतो, चुकीच्या हिशोबापासून नाही.

म्हणून सही करण्याआधी चार प्रश्न स्वतःला विचारा. भाव वाढेल असं जे सांगतात, ते कशाच्या जोरावर : भाडेकरूंच्या मागणीच्या, की पुढचा गिऱ्हाईक जास्त देईल या आशेच्या? मेट्रो, विमानतळ, आयटी पार्क पाच वर्षं लांबला तर हप्ता झेपेल का? नोकरी सहा महिने गेली तर? आणि विकायची वेळ आली तर या भागात आज रिसेलला खरंच गिऱ्हाईक आहे का, की बिल्डरचेच शंभर फ्लॅट पडून आहेत?

उत्तरं पटली तर जरूर घ्या. राहायला घर हवं असेल तर हिशोबात मनाचं समाधानही धरा, त्याला किंमत आहे. पण फक्त "जमीन कधी बुडत नाही" यावर विसंबून घेत असाल, तर एकदा चर्चगेटला उतरून समुद्राकडे चालत जा. पायाखालची जमीन शाबूत आहे. तिच्यावर पहिल्यांदा पैसे लावणाऱ्यांचं काय झालं, ते वर लिहिलंय.

तुमच्या भागात रिकामे फ्लॅट किती, भाडं किती आणि भाव किती, कमेंटमध्ये आकड्यांसकट लिहा. इतरांनाही उपयोग होईल.