उपासाच्या भाजणीची ब्राझीलमधली बहीण

आषाढी जवळ आली की डोंबिवली-कल्याणच्या घराघरांत उपासाची भाजणी होते. साबुदाणा, वरी, राजगिरा मंद आचेवर भाजायचे आणि दळून आणायचे. यातला साबुदाणा अगदी जुना, आपला, असं तुम्हाला वाटत असेल. तो बनतो कसावाच्या कंदापासून, आणि या कंदाचं माहेर दक्षिण अमेरिका. (शेंगदाणे, बटाटा, मिरचीही तिकडचीच!)

ब्राझीलचे मूळ रहिवासी हा कंद किसत, वेताच्या विणलेल्या लांब नळीत भरून रस पिळून काढत आणि चोथा मोठ्या तव्यावर कोरडा भाजत. ते पीठ आजही तिथे लोणी-कांद्यावर परतून उसळीवर, मटणावर भुरभुरवतात. त्याला फरोफा म्हणतात. आपण भातावर मेतकूट घेतो, तसंच.

एवढा खटाटोप कशासाठी? कच्च्या कंदात लिनामॅरिन असतं. किसल्यावर कंदातलंच एन्झाइम ते फोडतं, सायनाइड सुटतं आणि रसाबरोबर, वाफेबरोबर निघून जातं. आधीच उष्णता दिली तर एन्झाइम मरतं आणि लिनामॅरिन तसंच राहतं. म्हणून नुसतं भाजून भागत नाही. नीट प्रक्रिया न केलेल्या कडू कसावामुळे पाय कायमचे ताठरतात. 'कोंझो' हा तो आजार १९३८ साली बेल्जियन काँगोत डॉ. त्रोल्ली यांनी नोंदवला.

कसावा भारतात पोर्तुगीजांनी आणला असं मानतात. ठाणं १७३७ पर्यंत त्यांच्याच ताब्यात होतं, पण आपल्या ताटात तो तेव्हा आला नाही. जुना साबुदाणा मलाया-इंडोनेशियातल्या सागू ताडाचा. इकडे त्रावणकोरच्या विशाखम तिरुनाल महाराजांनी (१८८०-८५) कसावाच्या लागवडीला उत्तेजन दिलं. दुसऱ्या महायुद्धात आयात थांबली आणि तामिळनाडूतल्या सेलमला कसावाचा साबुदाणा होऊ लागला.

कारखान्यात गर धुऊन फक्त स्टार्च घेतात, त्यामुळे विषाची काळजी नको. काळजी साखरेची. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात सुमारे ८७ ग्रॅम कर्बोदकं, प्रथिनं एक ग्रॅमही नाहीत. मधुमेह असेल तर भाजणीत राजगिरा वाढवा, साबुदाणा मूठभरच ठेवा, सोबत दही, दाण्याचं कूट घ्या. इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील तर उपासाआधी डॉक्टरांना विचारा. आणि बाजारात ताजा कंद मिळाला, तर तो किसून थेट तव्यावर टाकू नका. सोला, बारीक तुकडे करा, भरपूर पाण्यात उकडा आणि ते पाणी फेकून द्या.