नियमपुस्तिका आणि मोटारीचे रूप : फॉर्म्युला वनमधील वायुगतिकीय नियमांचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

यंत्राचे बाह्यरूप त्याच्या कार्यावरून ठरते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. शर्यतीच्या मोटारीबाबत हे विधान अपुरे आहे. १९५० साली सुरू झालेल्या फॉर्म्युला वन विश्वविजेतेपद मालिकेचा इतिहास पाहता, मोटारीचा आकार अभियंत्याच्या कल्पनेइतकाच नियमकर्त्यांच्या निर्बंधांनी घडविलेला दिसतो. हे निर्बंध अनेकदा अपघातांनंतर आले. म्हणूनच मोटारीच्या रूपातील बदल हा केवळ अभिरुचीचा विषय नसून चालकांच्या जीविताशी निगडित प्रश्न आहे. प्रस्तुत निबंधात १९६८ पासूनच्या प्रमुख टप्प्यांच्या आधारे नियम व रचना यांचा परस्परसंबंध तपासला आहे.

पंखांचे आगमन :

सुरुवातीच्या काळात हवेचा विरोध कमी करणे हेच रचनाकारांचे उद्दिष्ट होते. त्यामुळे मोटारी लांबट व सिगारच्या आकाराच्या असत. विमानाचा पंख उलटा बसविल्यास मोटार जमिनीवर दाबली जाते आणि वळणावर टायरची पकड वाढते, या तत्त्वाचा प्रभावी वापर अमेरिकेत जिम हॉल यांनी १९६६ च्या चॅपरल मोटारीत केला. १९६८ मध्ये पंख फॉर्म्युला वनमध्ये आले आणि अल्पावधीतच उंच, बारीक खांबांवर उभे राहिले.

४ मे १९६९ रोजी बार्सिलोनातील माँटजुईक येथे झालेल्या स्पॅनिश ग्रां प्रीमध्ये ग्रॅहम हिल आणि योखेन रिंट या लोटस संघाच्या दोन्ही चालकांच्या मोटारींचे पंख मोडले. रिंट जखमी झाले. त्याच महिन्यात मोनॅको येथे उंच पंखांवर बंदी आली. पुढे पंख ठरावीक उंचीच्या आत व मोटारीच्या सांगाड्याला पक्के जोडलेले असणे बंधनकारक झाले. १९७० ची पाचरीच्या आकाराची लोटस ७२ ही या मर्यादेतून घडलेली मोटार होय. तिच्यात संपूर्ण देहच वायुगतिकीचे साधन बनला.

ग्राउंड इफेक्टचा उदय आणि अस्त :

यानंतर रचनाकारांचे लक्ष नियमांनी न स्पर्शिलेल्या भागाकडे, म्हणजे मोटारीच्या तळाकडे वळले. कॉलिन चॅपमन, पीटर राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ च्या लोटस ७८ मध्ये बाजूच्या कप्प्यांच्या तळाला उलट्या पंखाचा आकार दिला. तळ व रस्ता यांमधील अरुंद वाटेतून हवा वेगाने जाताना तिचा दाब कमी होतो आणि मोटार खाली ओढली जाते. बाजूची हवा आत शिरू नये म्हणून रस्त्याला टेकणारे 'स्कर्ट' लावण्यात आले. सुधारित लोटस ७९ ने १९७८ मध्ये मारिओ आंद्रेत्ती यांना विश्वविजेतेपद मिळवून दिले. त्याच वर्षी गॉर्डन मरे यांनी ब्रॅबम मोटारीला मागे मोठा पंखा बसवून तळाखालची हवा ओढून घेण्याची युक्ती केली. स्वीडिश ग्रां प्री जिंकल्यावर ती मोटार मागे घेण्यात आली.

या तंत्रात मोठा धोका दडलेला होता. स्कर्ट अडकला वा उचलला गेला की भर वळणावर पकड एकाएकी नाहीशी होई. स्प्रिंग अतिशय ताठ ठेवावे लागत असल्याने चालकांच्या शरीराला हादरे बसत. १९८१ मध्ये सरकत्या स्कर्टवर बंदी घालून जमिनीपासून ६ सेंटिमीटर अंतर सक्तीचे करण्यात आले. परंतु हे अंतर मोटार उभी असताना मोजले जाई. ब्रॅबमने वेगात असताना हवेच्या दाबाने खाली बसणारे सस्पेन्शन तयार करून नियमाचे शब्द पाळले व हेतू टाळला. अखेर १९८३ पासून चाकांमधील तळ सपाट ठेवण्याची सक्ती झाली. बाजूच्या लांब कप्प्यांचे प्रयोजन संपले आणि मरे यांची बाणासारखी निमुळती ब्रॅबम बीटी५२ अवतरली. नेल्सन पिके यांनी तिच्यासह त्या वर्षीचे विजेतेपद मिळविले.

१९९४ नंतरचा कालखंड :

३० एप्रिल व १ मे १९९४ रोजी इमोला येथे रोलांड रॅट्झेनबर्गर आणि आयर्टन सेना यांचे मृत्यू झाले. त्यानंतर वेग आवरण्यासाठी अनेक उपाय योजले गेले. त्यांपैकी एक म्हणजे तळाखाली १० मिलिमीटर जाडीची लाकडी फळी. ती प्रमाणाबाहेर झिजल्यास मोटार अपात्र ठरते. १९९४ च्या बेल्जियन ग्रां प्रीमध्ये मायकेल शूमाखर यांना याच कारणाने विजय गमवावा लागला. २०२३ च्या अमेरिकेतील शर्यतीत लुईस हॅमिल्टन व शार्ल लक्लेर हेही असेच अपात्र ठरले.

पुढील नियमांत सुरक्षिततेबरोबर स्पर्धेच्या चुरशीचाही विचार आला. पुढच्या मोटारीमागील विस्कळीत हवेमुळे मागच्या मोटारीची पकड घटते. हा दोष घालविण्यासाठी २००९ मध्ये पुढचा पंख रुंद व मागचा अरुंद, उंच करण्यात आला. ही विजोड रूपरेषा अनेकांना रुचली नाही. शिवाय ब्रॉन संघासह तीन संघांनी दुहेरी डिफ्यूझरची पळवाट शोधली. २०१४ मध्ये सुरक्षिततेसाठी नाकाचे टोक खाली आणताच बोटासारखी व दोन सुळ्यांसारखी नाके दिसू लागली. २०२२ मध्ये तळाखालील बोगद्यांसह ग्राउंड इफेक्ट परतला आणि त्याच्याबरोबर मोटारी वेगात उसळण्याचा जुना त्रासही परतला. २०२६ च्या नियमांनी तळ पुन्हा अधिक सपाट केला आणि हलणाऱ्या पुढच्या व मागच्या पंखांना मान्यता दिली.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, निर्बंधांमुळे कल्पकता थांबत नाही, तर ती मोटारीच्या दुसऱ्या भागाकडे वळते. दुसरी, नियमाचे शब्द व हेतू यांतील अंतरातूनच अनेक विलक्षण आकार जन्मले. तिसरी, १९६९ मध्ये धोकादायक ठरलेली हलत्या पंखांची कल्पना २०२६ मध्ये अधिकृत होते, यावरून बंदी ही कल्पनेवर कायमची नसून तत्कालीन सामग्री, मोजमाप व नियंत्रणाच्या क्षमतेवर अवलंबून असते. शर्यतीच्या मोटारीचे रूप हे त्या अर्थाने तिच्या काळातील भीती आणि आकांक्षा या दोहोंचा दस्तऐवज ठरते.