नैतिकता कुणाच्या जिवावर? चंद्रपूर-गडचिरोलीच्या दारूबंदीचा धडा

चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ रोजी दारूबंदी लागू झाली आणि २७ मे २०२१ च्या मंत्रिमंडळ निर्णयाने ती उठली. लागू करताना महिलांच्या संसाराची भाषा होती, उठवताना वाढत्या गुन्ह्यांची आणि बुडालेल्या महसुलाची. पहिला निर्णय भाजप-शिवसेना सरकारचा, दुसरा महाविकास आघाडीचा. दोन्ही वेळा नैतिकतेचे प्रवचन झाले आणि दोन्ही वेळा किंमत मोजली ती वस्तीतल्या बाईने. नेत्यांची नैतिकता नेहमी दुसऱ्याच्याच जिवावर का चालते, हा प्रश्न आंबेडकरी तरुणांनी विचारायलाच हवा.

आधी कायदा पाहू. संविधानाच्या अनुच्छेद ४७ मध्ये मादक पेयांवर बंदी आणण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे मार्गदर्शक तत्त्व आहे. आपल्याकडे १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आजही लागू आहे. कायद्याप्रमाणे दारू पिण्यासाठीही परवाना लागतो. शहरातल्या बारमध्ये तो परवाना कोण विचारतो? पण याच कायद्यात मोहफुलांवरही निर्बंध घातले गेले. जंगलातला आदिवासी ज्या फुलावर उन्हाळा काढतो, ते फूल संशयित ठरले. दारूवरचे शुल्क वसूल करायचे आणि अवैध दारूही पकडायची, ही दोन्ही कामे राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे, आणि व्यसनमुक्तीचा प्रचार करायचा सामाजिक न्याय विभागाने. तिजोरी भरणारा विभाग वेगळा आणि उपदेश करणारा वेगळा, अशी ही सोय आहे.

बाबासाहेबांनी हे ढोंग फार आधी ओळखले होते. शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या १९५१ च्या निवडणूक जाहीरनाम्यात सरकारी दारूबंदीला स्पष्ट विरोध आहे. या धोरणाला त्यात वेडेपणा म्हटले आहे. बंदीमुळे महसूल बुडतो आणि दारू गाळणे घराघरांत शिरते, हा त्यामागचा विचार.

मग तेच बाबासाहेब पाच वर्षांनी काय करतात? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात आणि १६ ऑक्टोबरला आपल्या चंद्रपुरात ते लाखो लोकांना बावीस प्रतिज्ञा देतात. त्यांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. काही जणांना यात विसंगती दिसते. मला यात विसंगती दिसत नाही, उलट त्यांच्या विचाराची पूर्ण सुसंगती दिसते. सत्ताधाऱ्याचा कायदा म्हणतो, "तू पिऊ नकोस." धम्माची प्रतिज्ञा म्हणते, "मी पिणार नाही." पहिल्यात बोलणारा स्वतः बाहेर राहतो, दुसऱ्यात तो सर्वात आधी बांधला जातो. नागपुरात बाबासाहेबांनी आधी स्वतः भदंत चंद्रमणी यांच्याकडून दीक्षा घेतली, स्वतः प्रतिज्ञा उच्चारल्या आणि मगच समोरच्या जनसमुदायाला दिल्या. नैतिकता सांगण्याचा अधिकार कुठून येतो, याचे उत्तर या क्रमात आहे.

आता आपल्या जिल्ह्यांकडे वळू. इथली दारूबंदी मुळात कुठल्याही मंत्र्याने दिलेली भेट नव्हती. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'सह अनेक संघटना, गावे आणि महिला एकत्र आल्या आणि १९९३ मध्ये जिल्ह्यात बंदी झाली. चंद्रपुरात पारोमिता गोस्वामी यांच्या 'श्रमिक एल्गार'ने लढा उभारला. डिसेंबर २०१० मध्ये हजारो महिला चिमूरहून नागपूरच्या विधानभवनावर पायी चालत गेल्या. जिल्ह्यातल्या ५८८ ग्रामपंचायतींनी बंदीचे ठराव केले. सरकारने तत्कालीन पालकमंत्री संजय देवतळे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने बंदीची शिफारस केली, तरी तो अहवाल पडून राहिला. सरकार बदलले, सुधीर मुनगंटीवार अर्थमंत्री व पालकमंत्री झाले आणि जानेवारी २०१५ मध्ये निर्णय झाला. चार वर्षे चाललेल्या बायकांच्या पायांतले काटे कुणी मोजले नाहीत, श्रेयाचे फलक मात्र चौकाचौकांत लागले.

पुढची सहा वर्षे वर्धा, चंद्रपूर आणि गडचिरोली हे तीन शेजारी जिल्हे कागदावर कोरडे होते. सभोवती नागपूर, यवतमाळ आणि तेलंगणात दुकाने उघडी. दारू येत राहिली. बंदी उठवताना सरकारने रमानाथ झा समितीच्या अहवालाचा आधार घेतला. त्यानुसार बंदीपूर्वीच्या पाच वर्षांत सुमारे १६ हजार गुन्हे होते, ते बंदीच्या पाच वर्षांत ४० हजारांवर गेले. या गुन्ह्यांत चार हजारांवर महिला होत्या. त्या कोण असतील हे आपल्या वस्त्यांत वेगळे सांगावे लागत नाही. ज्यांच्या घरात दुसरी मिळकत नाही, त्यांच्याच पिशवीत बाटल्या ठेवल्या जातात. माल पुरवणारा मोठा हात मागे राहतो, गुन्हा तिच्या नावावर नोंदतो.

बंदी फसली, हे खरे. पण ती फसवली कुणी? पोलीस कुणाचे, नाके कुणाचे, उत्पादन शुल्क विभाग कुणाचा? अंमलबजावणी ज्यांच्या हातात होती, त्यांनीच अंमलबजावणी झाली नाही हे कारण देऊन बंदी उठवली. तेव्हाचे पालकमंत्री विजय वडेट्टीवार काँग्रेसचे. ज्या पक्षाच्या सदस्यत्वाच्या अर्जात वर्षानुवर्षे दारू न पिण्याची अट होती, तो हा पक्ष!

भाजपला यावर आनंद मानण्याचे कारण नाही. जानेवारी २०२२ मध्ये आघाडी सरकारने सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला परवानगी दिली, तेव्हा देवेंद्र फडणवीस यांनी महाराष्ट्राचे 'मद्यराष्ट्र' होऊ देणार नाही, अशी गर्जना केली. काही महिन्यांत त्यांचा पक्ष सत्तेत आला. चंद्रपूरची बंदी परत आली का? नाही. उलट जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने मद्यावरचे शुल्क वाढवले आणि त्यातून वर्षाला १४ हजार कोटी रुपये जादा मिळण्याची अपेक्षा ठेवली. विरोधात असताना दारू हे पाप असते, सत्तेत आल्यावर ते महसुलाचे साधन होते.

आणखी एक नियम पाहा. गावातले दारूचे दुकान बंद करायचे असेल तर महिलांना 'आडवी बाटली'साठी मतदान करता येते. पण झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर एकूण नोंदलेल्या महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते लागतात. मजुरीसाठी परगावी गेलेली बाईसुद्धा उभ्या बाटलीच्या बाजूने मोजली जाते. आमदार व्हायला एवढी मते लागत नाहीत. ही कसोटी आमदारांना लावली, तर किती खुर्च्या रिकाम्या होतील?

मित्रांनो, इथे थांबलो तर आपणही सोयीचेच बोललो असे होईल. दरवर्षी १५-१६ ऑक्टोबरला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर पंचशील म्हणणारे आणि निवडणुकीच्या आदल्या रात्री वस्तीत बाटल्या उतरवणारे लोक आपल्यातही आहेत. प्रस्थापितांचा दांभिकपणा मोजताना तीच पट्टी निळ्या झेंड्याखालच्या नेत्यालाही लावली पाहिजे. तो बाबासाहेबांचे नाव घेतो, म्हणून त्याचा गुन्हा लहान होत नाही, मोठा होतो.

म्हणून यापुढे कुणी नेता व्यासपीठावरून नीतीचे धडे देऊ लागला, की तीन प्रश्न विचारा. हे बंधन तू स्वतःवर घेतले आहेस का? यात तुझे काय जाते? आणि हे मोडले तर तुरुंगात कोण जाईल, तू की आमची माय? या प्रश्नांना जो सरळ उत्तर देईल, त्याचे आपण ऐकू. बाकीच्यांसाठी आपल्याकडे बावीस प्रतिज्ञा आहेत. त्या आधी आपण पाळू आणि मग जाब विचारू.

जयभीम!