व्यसनोपचाराचा पत्ता : मुंबई इलाख्यातील परवान्यापासून गडचिरोलीच्या शिबिरापर्यंत

मद्य आणि अफू यांविषयीच्या राज्यकारभाराचा इतिहास आपल्याकडे मुख्यतः दोन अंगांनी लिहिला गेला आहे. अबकारीचे उत्पन्न किती होते हे एक अंग, आणि दारूबंदीच्या चळवळी कशा उभ्या राहिल्या हे दुसरे. प्रस्तुत लेखात एक तिसरा आणि वरकरणी अगदी साधा वाटणारा प्रश्न विचारावयाचा आहे. घरातील कर्त्या पुरुषास व्यसन जडले आहे व त्यावर उपचार हवा आहे, असे वाटून त्याची बायको किंवा आई घराबाहेर पडली, तर तिने जावे कोठे? या प्रश्नाचे उत्तर ज्या त्या काळात काय होते हे तपासू लागले म्हणजे असे दिसते की, व्यसनी मनुष्याची कायद्याच्या दप्तरात नोंद फार लवकर झाली. त्याच्या उपचारास राहत्या गावात जागा मिळण्यास मात्र जवळजवळ शंभर वर्षे लागली.

मुंबई अबकारी कायदा १८७८ सालचा. त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारचा अफूविषयक कायदाही झाला. पुढे १८९२ मध्ये खास मोहासंबंधीचा कायदा करून ठाणे व कुलाबा या जिल्ह्यांत मोहाच्या फुलांवर निर्बंध घालण्यात आले. या साऱ्या कायद्यांत पिणारा मनुष्य आहे तो गिऱ्हाईक म्हणून किंवा गुन्हेगार म्हणून. त्याला विरोध करणाऱ्यांच्या लिखाणातही तो रोगी म्हणून येत नाही. महात्मा फुले यांनी १८८० साली पुण्याच्या म्युनिसिपालिटीपुढे दारूच्या गुत्त्यांच्या वाढीचा प्रश्न मांडला. १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने पुण्यातील दारूच्या दुकानांपुढे स्वयंसेवक उभे राहिले. दोन्ही प्रसंगी डोळ्यांपुढे होते ते दुकान. दुकान बंद झाले की पिणाराही सुधारेल, हे त्यात गृहीत धरलेले होते.

रोगी म्हणून व्यसनी मनुष्याची पहिली सरकारी नोंद शोधावयाची झाल्यास ती वेड्यांच्या इस्पितळांतील पटांवर सापडते, आणि ती नोंद मोठी उद्बोधक आहे. गांजा, भांग व चरस यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या १८९३-९४ च्या आयोगाने या पटांची कसून छाननी केली. पटावर वेडाचे कारण म्हणून 'गांजा' असे लिहिलेले अनेक रोगी होते; परंतु पोलीस रोग्यास आणून सोडताना कागदावर जे काही लिहून देत तेच पुढे कारण म्हणून उतरवून घेतले जाई, असे आयोगास आढळून आले. थोडक्यात, निदान चौकीवर होत असे आणि इस्पितळ त्यावर शिक्का मारीत असे. ही सवय त्या आयोगाबरोबर संपली असे मानण्याचे कारण नाही.

अफूची कथा याहून वेगळी आहे, आणि आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची. मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या बायका तान्ह्या मुलांना 'बाळागोळी' देऊन कामावर जात. गोळीत अफू असे. मूल दिवसभर झोपून राही. मजूरविषयक रॉयल कमिशनने १९३१ च्या अहवालात या प्रथेची दखल घेतली व पुष्कळ स्त्रिया कामास असलेल्या कारखान्यांत पाळणाघरांची तरतूद व्हावी अशी शिफारस केली. आईस दोष देणे सोपे होते. पण मूल दिवसभर ठेवावयास जागा मिळाली तर गोळीची गरज उरणार नाही, हा विचार त्या शिफारशीत आहे. व्यसनावरील उपाय वस्तीत आणि कामाच्या जागी शोधला गेल्याचे इतके जुने दुसरे उदाहरण प्रस्तुत लेखकास या इलाख्याच्या इतिहासात आढळलेले नाही. प्रौढ अफूबाजांच्या बाबतीत मात्र सरकारने शिध्याचा मार्ग पत्करला. १९४९ च्या अखिल भारतीय अफू परिषदेने औषधाखेरीज होणारा अफूचा वापर दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरविले. अफूबाजाची नोंद करावयाची, वैद्यकीय दाखल्यावर त्याला ठराविक वजनाची अफू द्यावयाची, आणि दरवर्षी एकूण पुरवठा कमी करीत न्यावयाचा, अशी ही योजना. ती हिशेबाच्या दृष्टीने नेटकी होती. परंतु शिधा संपल्यावर त्या म्हाताऱ्या अफूबाजाने अंगदुखी, जुलाब आणि झोपेचा अभाव यांचे काय करावे, हे योजनेत कोठे सांगितलेले नव्हते.

आता दारूबंदीकडे वळावयाचे. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात दारूबंदी लागू केली. त्या खात्याचे मंत्री डॉ. गिल्डर हे स्वतः नामांकित वैद्य होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. स्वातंत्र्यानंतर मुंबई दारूबंदी कायदा १९४९ साली झाला व १९५० पासून राज्यभर पूर्ण दारूबंदी आली. त्या कायद्याचा काही भाग सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये बलसारा खटल्यात रद्द ठरविला. औषधे व प्रसाधने यांतील मद्यार्काचा प्रश्न त्यात प्रमुख होता. या निर्णयाची चर्चा कायद्याच्या अभ्यासकांनी पुष्कळ केली आहे. तिच्याकडे येथे वळण्याचे कारण नाही.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो परवाना. प्रकृतीसाठी मद्य आवश्यक आहे असे ज्याच्या बाबतीत ठरेल त्याला परवाना देण्याची सोय कायद्याने केली. येथे भाषेचा एक चमत्कार घडला. ज्या मनुष्यास मद्यावाचून राहवत नव्हते त्याची स्थिती वैद्यकीय आहे हे राज्याने मान्य केले. पण त्यावरील औषध म्हणून त्याला दिले मद्यच. पुढे साठीच्या दशकात महाराष्ट्रात दारूबंदी शिथिल झाली, तरी परवान्यावरचे आरोग्यरक्षणाचे शब्द तसेच राहिले. परवाना बाळगणारे कित्येक सद्गृहस्थ ते शब्द दाखवून हसतात. ज्याला परवाना परवडत नव्हता त्याच्यासाठी हातभट्टी होती, आणि नंतर पोलीस कोठडी. वर्षानुवर्षे भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली तर झटके येतात, वात होतो, प्रसंगी मृत्यूही ओढवतो. ही गोष्ट वैद्यकास अपरिचित नव्हती. तरीही अशा मनुष्यास औषधाखाली ठेवून दारू सोडविण्याची सोय त्याच्या तालुक्याच्या गावी उभी करणे हा दारूबंदीच्या कारभाराचा भाग झाला नाही. डेन्मार्कमध्ये १९४८ साली डायसल्फिरमचा शोध लागला होता. हे औषध घेणाऱ्याने दारू प्यायल्यास त्याला अतोनात त्रास होतो. ते आपल्याकडे आले, पण पुष्कळदा चहात वा भाजीत गुपचूप मिसळावयाची पूड म्हणून. रोग्यास न सांगता ते देणे त्याच्या जिवावर बेतू शकते हे सांगणारे कोणी जवळ नसे. रोग्याच्या नकळत दारू सोडविण्याचे वचन देणाऱ्या जाहिराती आजही भिंतींवर दिसतात. घाबरलेल्या घरास जवळचा पत्ता तेवढाच सापडतो.

याच दारूबंदीच्या काळात, १९५७ साली, अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या बंधुसंघाचे काम मुंबईत सुरू झाले. अमेरिकेत १९३५ साली दोन मद्यासक्तांनी एकमेकांशी बोलून आपली दारू आवरली, त्यातून हा संघ निघाला. वर्गणी नाही, वैद्य नाही, वही नाही. आठवड्यातून ठरलेल्या वारी ठरलेल्या खोलीत जमावयाचे आणि आपली हकीकत सांगावयाची, इतकीच पद्धत. ज्या शहरात कायद्याप्रमाणे कोणी पीतच नव्हते, त्या शहरात 'मी मद्यासक्त आहे' असे उभे राहून म्हणणारी माणसे जमू लागली, यातील विसंगती उघड आहे. परंतु आपल्या मूळ प्रश्नाचे पहिले खरे उत्तर येथे मिळते. जावयाचे कोठे? तर ज्याची दारू सुटली आहे अशा मनुष्याकडे. वास्तू दुय्यम आहे. चर्चचे सभागृह किंवा शाळेचा वर्ग चालतो. ही पद्धत बराच काळ इंग्रजी बोलणाऱ्या वस्त्यांपलीकडे फारशी गेली नाही, हा तिचा दोष नव्हे, पण मर्यादा होती. वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये फादर जो परेरा यांनी १९८१ साली कृपा फाउंडेशनची सुरुवात केली तेव्हा या परंपरेला निवासी उपचाराची जोड मिळाली. फादर परेरा हे बी. के. एस. अय्यंगार यांचे शिष्य. त्यामुळे मद्यासक्तांच्या सभेबरोबर योगासनेही त्या उपचारात आली.

ऐंशीच्या दशकाच्या आरंभी मुंबई-पुण्यात ब्राऊन शुगर पसरली आणि प्रश्नाचे स्वरूपच पालटले. लोकांनी तिला 'गर्द' म्हटले व ती ओढणाऱ्यास 'गर्दुल्ला'. दारूचा रोगी बहुधा चाळिशीचा असे. हा विशीच्या आतबाहेरचा. दारूच्या व्यसनास वर्षे लागत. येथे काही आठवड्यांत 'टर्की' सुरू होई, म्हणजे पूड न मिळाल्यास नाकाडोळ्यांतून पाणी, पोटात कळा आणि हाडे मोडल्यासारखा ठणका. मध्यमवर्गीय घरे या वेळी प्रथमच मोठ्या संख्येने दारोदार हिंडली, आणि मध्यमवर्ग हिंडू लागला म्हणजे वर्तमानपत्रांस विषय दिसू लागतो, हे कटु असले तरी सत्य आहे. अमली पदार्थांविषयीचा केंद्रीय कायदा १९८५ चा. त्यात शिक्षा कडक होत्या. पण सरकारने उपचारकेंद्रे स्थापावीत अशी तरतूदही होती, आणि १९८९ च्या दुरुस्तीने स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनी मनुष्यास खटल्यापासून काही अटींवर संरक्षण मिळाले. शिक्षेची यंत्रणा तयारच होती. केंद्रे उभी करावयाची होती.

पुण्यातील मुक्तांगण या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. डॉ. अनिल अवचट यांचे गर्दविषयीचे लेखन वाचून पु. ल. व सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले. त्यांच्या प्रतिष्ठानाच्या साहाय्याने २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात हे केंद्र सुरू झाले. डॉ. अनिता (सुनंदा) अवचट या त्याच रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ होत्या व १९९७ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी ते चालविले. लेखकाचा लेख, साहित्यिकाची देणगी आणि सरकारी रुग्णालयाची मोकळी इमारत अशा तीन गोष्टी जुळून ते उभे राहिले. मराठी साहित्यव्यवहाराच्या इतिहासकारांनीही या घटनेची नोंद घ्यावयास हवी. परंतु मुक्तांगणाचे महत्त्व त्याच्या स्थापनेच्या कथेत नाही. बरे झालेले रुग्ण तेथेच कार्यकर्ते व समुपदेशक झाले. रुग्णांच्या पत्नींसाठी 'सहचरी' हा गट निघाला. आणि घरी परतलेल्यांसाठी निरनिराळ्या गावी पाठपुराव्याच्या बैठकी भरू लागल्या. पस्तीस दिवस संपवून मनुष्य ज्या गल्लीत परततो, त्याच गल्लीत गुत्ता असतो. म्हणून पाठपुरावा हा उपचाराचा जोडभाग नसून उपचारच होय, हे तेथे अनुभवाने ठरले. घसरलेल्यास तेथे 'स्लिप झाला' म्हणतात व पुन्हा घेतात. परवान्याच्या काळात या शब्दास जागाच नव्हती.

तमिळनाडूत याच सुमारास उपचार गावात नेण्याचा प्रयोग झाला. चेन्नईच्या टी. टी. रंगनाथन प्रतिष्ठानाने १९८९ पासून मंजक्कुडी या खेड्यात शिबिरे भरविली. आपल्याकडे या दिशेने पुढचे पाऊल गडचिरोलीत पडले. तेथे डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या प्रेरणेने झालेल्या दारूमुक्ती आंदोलनानंतर १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी झाली. वर्ध्यात ती १९७५ पासून होती. चंद्रपुरात २०१५ मध्ये आली व २०२१ मध्ये उठली. गडचिरोलीचा विशेष असा की बंदीनंतरही मोहाची दारू गाळली जाते हे कोणी नाकारले नाही. २०१६ पासून 'मुक्तिपथ' या उपक्रमाखाली गावोगावच्या समित्या आणि रोग्यांसाठी तालुक्याचे दवाखाने व गावातील शिबिरे ही एकाच योजनेची अंगे मानली गेली. १९३९ मध्ये जे सुटले होते ते येथे जोडून घेतले गेले, असे म्हणावयास हरकत नाही. ज्याची दारू सुटावी असे गावास वाटते, त्याची सोयही गावानेच पाहावी, हा त्यामागील विचार आहे.

तथापि या प्रगतीचे मोजमाप करू गेल्यास आकडे कठोर आहेत. केंद्र सरकारसाठी अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मद्याधीन झालेल्या ३८ जणांत एकासच कोणता ना कोणता उपचार मिळाल्याचे आढळले. रुग्णालयात राहून उपचार मिळालेला १८० जणांत एक. उरलेले कोठे जातात? काही जण मांत्रिकाकडे, काही माळ घालून वारीला, आणि काही अशा खासगी केंद्रांत जेथे 'सुधारणा' या नावाखाली कोंडून मारहाण चालते. वारीच्या माळेने दारू सुटलेली माणसे प्रस्तुत लेखकाने पाहिली आहेत. तेव्हा त्या मार्गास हसण्याचे कारण नाही. कोंडून मारणाऱ्या केंद्रांची गोष्ट निराळी. २०१७ च्या मानसिक आरोग्यविषयक कायद्याने मद्य व अमली पदार्थ यांच्याशी निगडित मनोविकार आपल्या व्याख्येत घेतले. त्यामुळे अशा रुग्णास दाखल करून घेणाऱ्या संस्थेवर नोंदणीचे व रुग्णाच्या हक्कांचे बंधन आले. एकेकाळी पोलीस ज्या कागदावर 'गांजा' लिहीत, त्या कागदावर आता रुग्णाची संमती मागितली जाते.

या इतिहासाच्या साधनांविषयी एक गोष्ट नमूद करणे अवश्य आहे. अबकारीचे अहवाल, परवाने आणि खटले दप्तरखान्यात शाबूत आहेत. मद्यासक्तांच्या सभांची मात्र हजेरीपत्रके नाहीत, कारण नाव न सांगणे हाच त्यांचा नियम. आणि पाठपुराव्याच्या बैठकी कोणा शाळेच्या वर्गात सायंकाळी भरून उठून जातात. त्यांचा माग काढावयाचा तर चर्चच्या सूचनाफलकांपासून, रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागांच्या नोंदींपासून आणि त्या बैठकींना वीस-वीस वर्षे जाणाऱ्या स्त्रीपुरुषांच्या तोंडी हकीकतींपासून आरंभ करावा लागेल. हकीकत सांगणाऱ्यांपैकी पहिल्या पिढीतील माणसे आता वृद्ध झाली आहेत.