एक सर्टिफिकेट आणि जालन्याची २९६ मतं

आजचा विषय ऐकायला जरा कोरडा वाटेल, कारण आपण पुरावा कायद्याच्या एका कलमाबद्दल बोलणार आहोत. पण तुमच्या फोनमधलं कॉल रेकॉर्डिंग, व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट, सोसायटीच्या गेटवरचं सीसीटीव्ही फुटेज हे सगळं उद्या कोर्टात उभं राहील की नाही, ते या कलमावर ठरत आलंय. आणि त्यावरचा सगळ्यात मोठा निकाल ज्या भांडणातून आला, ते भांडण आपल्या जालन्याचं आहे.

सुरुवात मात्र टेपरेकॉर्डरपासून करू. मुंबईत महापालिकेच्या एका क्लार्कला लाच देऊ केली गेली. त्याने पोलिसांना कळवलं, माईक लपवला गेला, पोलीस बाजूच्या खोलीत बसले आणि बोलणं टेप झालं. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. १९६७ साली कोर्टाने सांगितलं की टेप हा पुरावा होऊ शकतो, फोटो होतो तसाच. पण सोबत एक इशाराही दिला. टेप पुसता येते, त्यावर पुन्हा रेकॉर्ड करता येतं, म्हणून तिच्याकडे सावधपणे बघा. या प्रकरणात टेप सील केलेली नव्हती, हेही कोर्टाने नोंदवलं. शिक्षा कायम राहिली, पण सीलचा मुद्दा लक्षात ठेवा.

मग आला कॉम्प्युटर. आपला पुरावा कायदा १८७२ चा. त्यात ‘कागदपत्र’ म्हणजे हातात धरता येणारी वस्तू. २००० साली माहिती तंत्रज्ञान कायदा आला आणि त्याने या जुन्या कायद्यात कलम ६५ब घातलं. त्याचा अर्थ सोप्या भाषेत असा: मूळ मशीन कोर्टात आणणार नसाल आणि त्यातल्या माहितीची प्रिंट, सीडी किंवा पेनड्राइव्ह देणार असाल, तर ते मशीन सांभाळणाऱ्या जबाबदार माणसाचं सही केलेलं सर्टिफिकेट जोडा. मशीन नीट चालत होतं, माहिती रोजच्या कामातूनच त्यात आली होती, वगैरे.

यातली गंमत बघा. या अटी जवळपास शब्दशः इंग्लंडच्या १९६८ च्या एका कायद्यातून उचलल्या होत्या. आणि इंग्लंडने ते कलम १९९५ मध्येच मोडीत काढलं होतं! म्हणजे आपण जुनं व्हर्जन इन्स्टॉल केलं, तेही कंपनीने सपोर्ट बंद केल्यावर.

२००५ मध्ये संसद हल्ल्याच्या खटल्यात मोबाइलचे कॉल रेकॉर्ड होते, पण असं सर्टिफिकेट नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने ते तरीही चालवून घेतले, पुराव्याचे इतर मार्ग आहेत म्हणून. साहजिकच देशभर पोलीस आणि सरकारी वकील सर्टिफिकेटच्या बाबतीत निवांत झाले.

नऊ वर्षांनी दणका बसला. केरळच्या एका निवडणूक याचिकेत प्रचाराची गाणी आणि भाषणं यांच्या सीडी पुरावा म्हणून दिल्या होत्या, सर्टिफिकेटशिवाय. १८ सप्टेंबर २०१४ रोजी तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने सांगितलं की ६५ब ची अट पाळलीच पाहिजे, २००५ चा निकाल चुकीचा होता. आता सरकारी वकिलाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. खुनाचा खटला अपिलात आहे, कॉल रेकॉर्ड नऊ वर्षांपूर्वी त्या वेळच्या नियमाप्रमाणेच दिलेत, आणि आता म्हणतात सर्टिफिकेट कुठंय? जुना डेटा कंपनीकडे असेलच असं नाही. २०१७ मध्ये हरियाणातल्या एका अपहरण आणि खुनाच्या प्रकरणात कोर्टाने थोडी वाट काढली: खटला चालू असताना आरोपीच्या वकिलाने हरकत घेतली नसेल, तर पहिल्यांदाच अपिलात ती घेता येणार नाही. मला हे बरोबर वाटतं. हरकत वेळेवर आली असती तर सर्टिफिकेट आणता तरी आलं असतं.

२०१८ मध्ये दोन न्यायमूर्तींनी आणखी सैल केलं: मशीन तुमच्या ताब्यात नसेल तर सर्टिफिकेटचा आग्रह नाही. तीन न्यायमूर्ती एक म्हणतात, दोन दुसरं. खालच्या कोर्टांनी ऐकायचं कुणाचं?

इथे जालना येतं. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत शिवसेनेचे अर्जुन खोतकर काँग्रेसच्या कैलास गोरंट्याल यांच्यापुढे २९६ मतांनी निवडून आले. गोरंट्याल कोर्टात गेले. म्हणणं असं की शेवटच्या दिवशी, २७ सप्टेंबरला, खोतकरांचा अर्ज दुपारी तीनची मुदत संपल्यावर दाखल झाला. निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयात आत आणि बाहेर व्हिडिओ शूटिंग झालं होतं, म्हणजे घड्याळाचा पुरावा सरकारकडेच होता. गोरंट्याल यांनी त्या सीडींसाठी सर्टिफिकेट मागितलं, पुन्हा मागितलं. ते मिळालंच नाही.

औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये खोतकरांची निवड रद्द ठरवली आणि अधिकाऱ्यांची साक्षच सर्टिफिकेटच्या जागी धरली. १४ जुलै २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, असं नाही चालणार. प्रतीसाठी लेखी सर्टिफिकेट सक्तीचंच, तोंडी साक्ष त्याची जागा घेऊ शकत नाही. २०१८ चा सैल निकाल रद्द. मूळ फोन किंवा लॅपटॉप घेऊन मालक स्वतः साक्षीला उभा राहिला, तर मात्र सर्टिफिकेट नको. आणि ज्याने सगळे प्रयत्न केले, तरी समोरच्याने सर्टिफिकेट दिलंच नाही, त्याला कायदा अशक्य गोष्ट करायला लावणार नाही. खोतकरांचं अपील फेटाळलं गेलं. तोवर ती विधानसभा संपली होती आणि २०१९ ची निवडणूक गोरंट्याल जिंकलेही होते!

याच निकालात मोबाइल आणि इंटरनेट कंपन्यांना सांगितलं गेलं की तपासात रेकॉर्ड जप्त झालं, तर त्या काळाचा डेटा वेगळा आणि सुरक्षित ठेवा. मी सर्व्हरच्या लॉगवरच काम करतो, म्हणून मला हे वाक्य सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. स्टोरेजचा खर्च वाचवायला जुने लॉग आपोआप पुसले जातात, ही आमच्या धंद्यातली अगदी साधी सेटिंग आहे. पोलिसांचं पत्र उशिरा आलं, तर सही करायला माणूस असतो, पण ज्यावर सही करायची तो डेटाच नसतो.

१ जुलै २०२४ पासून १८७२ चा कायदा गेला आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. ६५ब चं काम आता कलम ६३ करतं. सर्टिफिकेटचे दोन भाग झालेत, एक मशीन सांभाळणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू लिहायची असते. हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा: एक बिट बदला, ठसा पूर्ण बदलतो. १९६७ च्या टेपला जे सील नव्हतं, ते आता गणिताने लागतं. जप्तीच्या वेळीच पंचांसमोर हॅश काढून पंचनाम्यात लिहिली, तर ‘फाइल नंतर बदलली’ हा बचाव जवळजवळ संपतो. चार दिवसांनी काढली, तर त्या चार दिवसांचं उत्तर सरकारी वकिलाला उलटतपासणीत शोधावं लागतं.

फॉर्ममध्ये एसएचए-१, एसएचए-२५६ आणि एमडी-५ असे पर्याय छापलेत. एमडी-५ चा ठसा दोन वेगळ्या फाइल्सना सारखा आणता येतो, हे २००४ मध्येच दाखवलं गेलंय. एसएचए-१ ची तीच गत २०१७ मध्ये झाली. लगेच घाबरू नका. पोलिसांनी जप्त केलेल्या फाइलशी जुळणारी खोटी फाइल मागाहून बनवणं अजून कुणाला जमलेलं नाही. धोका तिथे आहे, जिथे दोन्ही फाइल्स एकाच माणसाने आधीपासून तयार केल्यात. तरी २०२३ मध्ये कायदा लिहिताना एमडी-५ का ठेवलं, हे मला पटत नाही. टिक एसएचए-२५६ वरच करा, एवढंच मी कुठल्याही तपास अधिकाऱ्याला सांगेन.